भुईवरून उठण्याची विद्या

गेल्या पौषातली गोष्ट. साताऱ्यास राहणारी माझी मावशी, जिने ७९ वर्षांच्या आयुष्यात आपल्या दुखण्याखुपण्याचा बभ्रा कधी होऊ दिला नाही, ती पहाटे चारच्या सुमारास मोरीकडे जाण्यास उठली, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी, जेथे रात्री हंड्यातून ठिबकलेले पाणी शहाबादी फरशीवर पसरले होते, तेथे तिचा पाय घसरून ती कुशीवर पडली. साडेसहाला गवळ्याने कडी वाजवली, आतून क्षीण हाक ऐकली, शेजारच्यांना उठवले, आणि तेव्हा कोठे दार उघडण्याची तजवीज झाली. मधल्या अडीच तासांत त्या थंड फरशीवर तिने तीन वेळा उठण्याचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा पातळाच्या निऱ्या गुडघ्याखाली आल्या, आपल्याच वस्त्राने तिला खाली ओढून धरले, आणि ती पुन्हा आडवी झाली. दवाखान्यात क्ष-किरण छायाचित्रे काढली गेली. हाड एकही मोडलेले नव्हते, मनगटास थोडी सूज होती, एवढेच. मी भेटीस गेलो तेव्हा ती म्हणाली, "मला काही झालं नव्हतं रे. फक्त उठता येत नव्हतं."

या 'फक्त' शब्दाने मी कित्येक दिवस अस्वस्थ होतो. वृद्ध माणसाने पडू नये म्हणून आपण कितीतरी खबरदारी घेतो: न्हाणीघरात खरखरीत फरशी बसवतो, भिंतीला धरण्यासाठी कठडे लावतो, रात्रभर मिणमिणता दिवा तेवत ठेवतो, आणि हे सर्व योग्यच आहे. पण एवढे करूनही पाय घसरलाच, तर त्या भुईवरून उठावे कसे, हे घरातील वडीलधाऱ्यांना आपण कधी विचारले आहे काय, किंवा शिकवले आहे काय? पासष्टी ओलांडलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश माणसे वर्षातून एकदा तरी पडतात, आणि पुढे वयाबरोबर हे प्रमाण वाढतच जाते. जी घटना इतक्यांच्या वाट्याला येते तिच्यानंतर काय करावयाचे याची पूर्वतयारी नसावी, ही मला मोठी उणीव वाटते.

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या मेरी टिनेटी यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, पडूनही ज्यांना इजा झालेली नव्हती अशा ३१३ वृद्धांचा विचार केला होता. त्यांपैकी १४८ जणांना, म्हणजे जवळजवळ निम्म्यांना, निदान एका प्रसंगी आपले आपण उठता आले नव्हते. २००८ साली केंब्रिजच्या संशोधकांनी नव्वदी पार केलेल्या मंडळींचा वर्षभर मागोवा घेतला, तेव्हा पडलेल्या ६६ जणांपैकी ५३ जण कधी ना कधी उठू शकले नव्हते आणि २० जण तासभर किंवा त्याहून अधिक वेळ जमिनीवर पडून राहिले होते. मदतीसाठी दाबावयाची घंटा त्यांच्यापैकी अनेकांपाशी होती. पण ऐन वेळी बहुतेकांनी तिचा उपयोग केला नाही, हे मला त्या सर्व आकड्यांहून अधिक बोलके वाटते. कोणाला त्रास नको, पोराबाळांची झोप मोडावयास नको, आता एवढ्यात उठता येईल, या संकोचाची जात साताऱ्यात आणि केंब्रिजमध्ये एकच असावी.

जमिनीवर दीर्घकाळ पडून राहणे ही स्वतंत्र आपत्ती आहे, हे सामान्य वाचकाने नीट समजून घेतले पाहिजे. १९४१ साली, लंडनवर बाँबवर्षाव चालू असताना, बायवॉटर्स आणि बील या दोन वैद्यांनी एका विलक्षण प्रकाराची नोंद केली होती. ढिगाऱ्याखाली हातपाय कित्येक तास दडपून राहिलेली माणसे जिवंत बाहेर काढली जात, प्रथम बरी दिसत, आणि काही दिवसांतच मूत्रपिंडे बंद पडून दगावत. दडपलेला स्नायू मरतो, त्यातील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांची चाळणी तुंबवून टाकतात, हे त्यामागचे कारण होते. कठीण फरशीवर एकाच कुशीवर तासन्‌तास पडलेल्या वृद्ध देहात, अंगावर ढिगारा नसला तरी, स्वतःच्याच भाराने कमी-अधिक हेच घडू शकते. त्यात तहानेने रक्त घट्ट होते, फरशीची थंडी अंगात भिनते, नितंबाच्या आणि टाचेच्या कातडीवर दाबाच्या जखमा धरू लागतात, छातीत कफ साचून पुढे फुप्फुसाचा दाह होतो. इंग्लंडमध्ये वाइल्ड, नायक आणि आयझॅक्स यांनी १९८१ साली असे दाखवले होते की, पडल्यावर तासाहून अधिक वेळ जमिनीवर राहिलेल्यांपैकी निम्मी माणसे पुढच्या सहा महिन्यांत मरण पावली. यात एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी: जे इतका वेळ उठू शकत नाहीत ते बहुधा आधीच क्षीण झालेले असतात, म्हणून साऱ्या मृत्यूंचा दोष त्या एका तासावर टाकता येणार नाही. तरीही पडणे आणि उठू न शकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीवर बऱ्याच अंशी इलाज चालतो, एवढे यातून निश्चित निघते.

मग उठता का येत नाही? माझ्या मावशीच्या पायांत उभे राहण्याचे, चालण्याचे, जिना चढण्याचे बळ होते. नव्हते ते जमिनीपासून खुर्चीच्या उंचीपर्यंतचे अंतर कापण्याचे. हे अंतर हातभराचे. पण ते कापताना मांड्यांचे पुढचे स्नायू, नितंब, दंड आणि तोल या सर्वांना एकाच वेळी कामाला लावावे लागते, आणि जे काम कित्येक वर्षांत शरीराकडून घेतलेले नाही ते संकटाच्या क्षणी ते करीत नाही. मला आठवते, हीच मावशी चाळीस वर्षांपूर्वी विळीपुढे बसे, उठे, पंगतीत वाढताना वाके, देवापुढे बसे, केर काढी, संध्याकाळी ओसरीवर तांदूळ निवडीत बसे आणि हाक आली की एका गुडघ्यावर हात टेकून उठे. दिवसातून तीस-चाळीस वेळा तिची भुईशी गाठ पडत असे. पुढे ओटा आला, जेवणाचे मेज आले, उंच बैठकीचा शौचकूप आला. दुखऱ्या गुडघ्यांना या सोयींनी मोठा आराम दिला आहे, आणि जुने तेच चांगले असा माझा मुळीच आग्रह नाही, कारण त्या जुन्या ओल्या मोऱ्यांत कितीजणींचे खुबे मोडले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. परंतु या सोयींनी एक गोष्ट नकळत हिरावून घेतली: जमीन आपल्याला परकी झाली.

ब्राझीलमधील क्लाउडिओ जिल आराउजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या संदर्भात एक साधी कसोटी लोकांपुढे ठेवली आहे. माणसाने भुईवर बसावे आणि उठावे. दहा गुणांपैकी, हात, गुडघा किंवा कोपर टेकावे लागले तर दर आधारामागे एक गुण आणि तोल गेल्यास अर्धा गुण कापावा. ५१ ते ८० वर्षे वयाच्या सुमारे दोन हजार स्त्रीपुरुषांची अशी परीक्षा घेऊन पुढे काही वर्षे त्यांची वास्तपुस्त केली, तेव्हा कमी गुण मिळवणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा अर्थ मांडी घातल्याने आयुष्य वाढते असा नव्हे; बळ, लवचिकपणा आणि तोल ही तिन्ही एकत्र शाबूत आहेत की नाहीत याची साक्ष तेवढी त्या एका हालचालीतून मिळते. गुडघे दुखत असतील किंवा तोल डळमळत असेल, तर ही परीक्षा घरी एकट्याने घेऊ नये.

आता प्रत्यक्ष उठण्याकडे वळू. मावशीला ते शिकवण्यास आलेली भौतिकोपचारतज्ज्ञ मुलगी पंचविशीची होती. तिने बैठकीच्या खोलीत जाड सतरंजी अंथरली, तिच्यावर गोधडी घातली, आणि म्हणाली, "आजी, आज आपल्याला घाई नाही. तुम्ही पडलात की पहिल्यांदा काय कराल? काहीच करायचं नाही. श्वास घ्यायचा." हा तिचा पहिला पाठ. पडल्याबरोबर लाजेने आणि भीतीने माणूस धडपडून उठू पाहतो, आणि त्या धडपडीत साधी इजा बिकट होते, किंवा तो दुसऱ्यांदा पडतो. मिनिट-दोन मिनिटे निपचित राहावे. मग पायाची बोटे, घोटे, गुडघे, हाताची बोटे, मान, असे क्रमाने चाचपून पाहावे. खुब्यात किंवा जांघेत असह्य कळ येत असेल, एक पाय दुसऱ्याहून आखूड भासत असेल किंवा पाऊल बाहेरच्या अंगाला वळून पडले असेल, मान अथवा पाठीचा कणा ठणकत असेल, हातापायांत बधिरपणा असेल, तर उठण्याचा विचारही मनात आणू नये; आहे तसेच राहून मदत बोलवावी.

सारे ठीक वाटल्यास पातळ किंवा धोतर गुडघ्यांच्या वर ओढून घ्यावे. हा तपशील कोणत्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही, परंतु माझ्या मावशीचे अडीच तास त्यावाचून गेले, म्हणून मी तो आवर्जून नमूद करतो. नंतर, उताणे पडलो असल्यास, एक गुडघा उभा करून, डोके ज्या बाजूस वळावयाचे तिकडे फिरवून आणि वरचा हात अंगावरून पलीकडे नेऊन कुशीवर वळावे. खालचे कोपर आणि वरच्या हाताचा तळवा जमिनीवर रोवून अर्धे उठावे, आणि तेथून दोन्ही तळवे व दोन्ही गुडघे टेकून, रांगत्या मुलाच्या बैठकीत यावे. येथे पुन्हा थांबावे. मग रांगत रांगत पलंग, दिवाण किंवा जड लाकडी खुर्ची गाठावी. आपल्या घरोघरी असलेल्या प्लॅस्टिकच्या हलक्या खुर्चीवर या कामी भिस्त ठेवू नये. ती सरकते, कलंडते आणि माणसाला पुन्हा खाली टाकते. दुसरे काहीच नसेल तर ती निदान भिंतीला टेकवून घ्यावी. दोन्ही हात बैठकीवर ठेवून, जो पाय अधिक बळकट त्याचे पाऊल पुढे आणून सपाट टेकावे, दुसरा गुडघा जमिनीवरच राहू द्यावा, आणि हातांनी खाली दाब देत, पुढे कलत, त्या बळकट पायावर उठावे. सरळ उभे राहण्याच्या मोहात न पडता हळूच वळून तेथेच बसावे. बसल्यावर काही मिनिटे जाऊ द्यावीत, कारण आडवे राहून उठताना रक्तदाब एकाएकी उतरतो आणि भोवळ येते; ज्यांना रक्तदाबाची किंवा झोपेची औषधे चालू आहेत त्यांच्या बाबतीत हे विशेष खरे.

ही सारी कृती त्या मुलीने मावशीला उलट्या क्रमाने शिकवली, आणि त्यातील शहाणपण मला फार आवडले. प्रारंभी खुर्चीवरून उठणे-बसणे एवढेच, दोन दिवसांनी, खुर्ची धरून एक गुडघा गोधडीवर टेकवणे आणि परत उठणे, मग दोन्ही गुडघे, मग तळवे टेकणे, मग बसकण, मग कूस, आणि सर्वांत शेवटी पूर्ण आडवे होणे. प्रत्येक टप्प्यावर माणूस जितका खाली जातो तितकाच परत वर येतो, त्यामुळे जेथून वर येण्याची वाट ठाऊक नाही अशा ठिकाणी तो कधीच पोहोचत नाही. तिसऱ्या आठवड्यात मावशी प्रथमच गोधडीवर उताणी पडली, छताकडे पाहत थोडा वेळ तशीच राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले. "त्या दिवशी हेच छत दिसत होतं," ती म्हणाली. मग कुशीवर वळली.

त्या पहाटेनंतर ती अंगणात जाईनाशी झाली होती, देवळात जाणे तिने बंद केले होते, मोरीपर्यंत जातानाही भिंत सोडीत नव्हती. पडण्याच्या भीतीने माणूस हालचाल कमी करतो, हालचाल कमी झाल्याने स्नायू झडतात, आणि झडलेल्या स्नायूंमुळे तो पुन्हा पडतो. हा फेरा तोडण्यास उपदेशाचा काही उपयोग होत नाही; पडलो तरी उठता येईल हा अनुभव शरीरालाच यावा लागतो. त्याच्या जोडीला पायांचे बळही वाढवावे लागते. न्यूझीलंडमधील ओटागो येथे कॅम्पबेल, रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांसाठी घरच्या घरी करावयाचा जो व्यायामक्रम आखला, त्याने पडण्याचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटल्याचे दिसले. त्यात घोट्याला वजन बांधून पाय उचलणे, ओट्याला धरून चवड्यांवर उठणे, एका पायावर तोल सांभाळणे, हात न टेकता खुर्चीवरून उठणे, असे साधेच प्रकार आहेत. मात्र त्यांत सातत्य लागते, आणि माणूस जसा बळावेल तशी त्यांची कठिणाई वाढवावी लागते.

मदतीस धावणाऱ्यांविषयी मला कळकळीने सांगावयाचे आहे. घरात कोणी पडले की दोन पुरुष धावतात, काखेत हात घालतात आणि एका हिसक्यात उभे करतात. त्या प्रेमाच्या हिसक्याने वृद्धाचा खांदा निखळतो, चीर गेलेले खुब्याचे हाड सरकते, आणि उचलणाऱ्याची कंबर धरते ती निराळीच. आधी शेजारी बसावे, नाव घेऊन बोलावे, कोठे दुखते ते विचारावे. उठण्याजोगी अवस्था असेल तर एक खुर्ची पुढ्यात आधारासाठी आणि दुसरी मागे बसण्यासाठी ठेवून, उठण्याचे काम त्यांचे त्यांनाच करू द्यावे. आपला हात पाठीशी असावा, ओढणारा नसावा. हाड मोडल्याची शंका असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर घाईने पाणी पाजू नये. अंगावर चादर घालून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोक्यास मार लागला असेल, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर माणूस हसत बोलत असला तरी त्याला इस्पितळात नेलेच पाहिजे, कारण कवटीच्या आतला रक्तस्राव काही तासांनी, कधी काही दिवसांनीही डोके वर काढतो.

एकट्या माणसाला उठता आलेच नाही, तर? ओल्या जागेवरून सरकून कोरड्यावर जावे. हाताला लागेल ते पायपुसणे, टॉवेल, ओढता आली तर पलंगावरची चादर, अंगाखाली आणि अंगावर घ्यावी. अर्ध्या अर्ध्या तासाने कूस बदलावी, पाय हलवीत राहावे. सतत ओरडून घसा बसवण्यापेक्षा तांब्या किंवा काठी फरशीवर थांबून थांबून आपटावी, तो आवाज दूर जातो. या सर्वांचा बंदोबस्त आधीच करून ठेवता येतो. मावशीच्या घरात आता दूरध्वनी उंच फळीवरून काढून जमिनीपासून हातभर उंचीच्या स्टुलावर आला आहे, दाराची एक किल्ली शेजारी असते, आणि न्हाणीघराच्या आतली कडी काढून टाकली आहे. तिच्याऐवजी दारावर एक तांबडा रुमाल अडकवला की आत कोणी आहे हे समजते. रोज सकाळी सात वाजता समोरच्या घरातील सूनबाई हाक मारते, आणि या हाकेला ओ आली नाही तर काय करावयाचे हे ठरलेले आहे.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये, ती म्हणजे पडणे हीच. भोवळ आली होती काय, औषध बदलले होते काय, दृष्टी मंदावली आहे काय, रात्री वारंवार उठावे लागते काय, याची चौकशी व्हावयास हवी. आपल्याकडे वृद्ध मंडळी पडल्याचे सांगत नाहीत, कारण सांगितले की मुले आपल्याला एकटे राहू देणार नाहीत, घर सोडावे लागेल, अशी धास्ती त्यांना असते. ही धास्ती खोटी नाही. म्हणूनच ऐकणाऱ्यानेही ते रागावून ऐकू नये.

गेल्या आषाढात मावशीच्या पेठेतील ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात त्याच मुलीने हा पाठ घेतला, आणि मावशी प्रात्यक्षिकास गोधडी घेऊन हजर राहिली. तिचे उठणे पाहून झाल्यावर मागच्या रांगेतील एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "बाई, तुमचं ठीक आहे. माझे दोन्ही गुडघे बदललेले. मला गुडघा टेकताच येत नाही, मी काय करू?" प्रश्न रास्त होता, आणि आजच्या घडीला तो अनेकांचा आहे. त्या मुलीने दोन पाट, एक बुटके स्टूल आणि एक बाक मागवला, आणि ती त्या वस्तू उंचीच्या क्रमाने भिंतीशी मांडू लागली. ज्याला गुडघा टेकवत नाही त्याने बसून, तळहात मागे टेकून, ढुंगणावर सरकत जिन्याच्या खालच्या पायरीशी किंवा अशा एखाद्या बुटक्या वस्तूशी जावे, तिच्याकडे पाठ करावी, दोन्ही हात तिच्यावर रोवून पायांनी रेटा द्यावा आणि चार बोटे वर बसावे. तेथून पुढची उंची, तेथून त्यापुढची. शिक्षकांच्या शल्यचिकित्सकांनी गुडघ्यांबाबत काय सांगितले आहे ते तिने आधी विचारून घेतले; मग दोघांनी धरून त्यांना सावकाश गोधडीवर बसवले. ते सरकत पाटापाशी आले. पहिल्या पाटावर चढताना त्यांचे हात थरथरत होते. मावशी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "थांबा जरा. श्वास घ्या. आता स्टूल."